एक्केचाळीस के

हँगरमध्ये विमान येतं तेव्हा त्यात कुणी नसतं.
वीज बंद, एसी बंद, दारं सताड,
आणि दोह्याची ऑगस्टमधली दुपार
कुणाला न विचारता आत शिरून
तीनशे खुर्च्यांवर बसलेली.

माझ्या हातात तक्रारींचा कागद.
बावीस सी : ट्रे लोंबतो.
तेहेतीस एफ : दिवा विझत नाही.
एक्केचाळीस के : बसवत नाही.

एवढंच. बसवत नाही.
ह्यूस्टनहून पंधरा तास कुणीतरी आलं
आणि उतरताना हे दोन शब्द ठेवून गेलं.

मी बटण दाबलं. पाठ मागं गेली, पुढं आली.
पट्टा ओढून पाहिला. हाताचा दांडा उचलला, पाडला.
बूड टेकून पंधरापर्यंत मोजलं, नियम तेवढाच आहे,
आणि लिहिलं : दोष आढळला नाही.

नऊ दिवसांनी तीच खुर्ची, तीच तक्रार.
मग पुन्हा.
जोमोन म्हणाला, प्रवासी नाजूक असतात, नदाफ,
तू पेच आवळ आणि पुढच्या रांगेला लाग.

पण मी पिंजाऱ्याचा पोर.
जयसिंगपुरात बापाच्या धनुकलीची तात
गल्लीच्या तोंडाशी टणाणली
की बाया जुन्या गाद्या ओढत उन्हात आणायच्या.
उसवायच्या आधी तो तळवा ठेवून गप्प बसे.
म्हणे, गादी सांगते घरात कोण आजारी आहे,
कोण भिंतीकडं तोंड करून झोपतं.
आई म्हणे, एवढं सांगते तर
मजुरी वाढवून द्यायलाही सांगू दे की तिला.

चौथ्या वेळी मी जेवणाच्या सुट्टीत तिथंच बसलो.
डबा मांडीवर. भात, कालची मसूर.
पाच मिनिटं : काही नाही.
वीस मिनिटं : घाम, आणि काही नाही.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
इथं अंथरूण कुणीतरी आधीच मोजून ठेवलंय,
गुडघ्यापुढं चार बोटं.
पस्तिसाव्या मिनिटाला उजव्या कुल्ल्याखाली
कुणीतरी हळूच बोट लावल्यासारखं झालं.
हललो. गेलं.
परत आलं.

कव्हर सोडवलं. आग अडवणारं राखाडी कापड सोडवलं.
फोम फाटलेला नव्हता. सळई वर आलेली नव्हती.
फक्त एका बाजूला, करंगळीच्या जाडीएवढा,
तो बसला होता.
खिडकीच्या बाजूला.

सहा वर्षं जो जो इथं बसला
तो थोडा तिकडं कलून बसला.
खाली नुसता काळोख असला तरी.
खाली तासन् तास बर्फ असला तरी.
झडप ओढलेली असली, तरीसुद्धा.

मी तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.
मग जोमोनला म्हटलं, नवीन लागेल.
तो म्हणाला, कारण काय लिहू?
मी म्हटलं, झिजला.

जुना फोम सनाइयातल्या खोलीवर न्यावासा वाटला,
खालच्या बंकवर राजिंदरची कंबर धरते.
पण भंगार मोजून घेतात, तुकडे करून, गेटवर सही.
मी चार तुकडे केले. सही केली.

वर्षातून एकदा घरी जातो.
सगळ्यात मागची रांग, पाठीमागं भिंत,
भिंतीमागं संडास.
ही खुर्ची मागं जात नाही, ती तशीच बनवतात,
तो दोष धरत नाहीत.
बसण्याआधी मी तिच्यावर तळवा ठेवतो.
शेजारचा विचारतो, काय हरवलंय का भाऊ?
मी म्हणतो, नाही, बसा तुम्ही,
आणि त्याला पट्टा शोधून देतो.
तो नेहमी डावीकडच्या फटीत अडकलेला असतो.